मोकाट गुरे आणि बेवारस जबाबदारी

नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गांवरील मोकाट गुरे हटवून त्यांना निवाऱ्यात ठेवण्याचे, तसेच शाळा, रुग्णालये व बसस्थानके यांच्या आवारांतून भटके कुत्रे दूर करण्याचे आदेश दिले. या आदेशांच्या गुणदोषांची चर्चा पुष्कळ झाली. परंतु हातखंब्याच्या तिठ्यावर डांबरावर रवंथ करीत बसलेला बैल उठवावयाचा कोणी, हा साधा प्रश्न तिच्यात मागेच राहिला.

रत्नागिरीच्या खेड्यांत हे काम एका हंगामाचे नव्हे, बारमाही आहे. पावसाच्या तोंडावर घटसर्प आणि फऱ्या यांच्या लसी टोचावयाच्या असतात. श्रावण-भाद्रपदात चिखल व माश्या टाळण्यासाठी गुरे कोरड्या रस्त्यावर येतात आणि रात्रीच्या अपघातांना निमित्त होते. भात कापून झाले की गुरे उनाड सोडण्याची कोकणची जुनी रीत आहे. ज्याच्या शेताला गडगा नाही, तो कुळीथ-पावटा पेरण्याच्या भानगडीतच पडत नाही. पुढे आंबा-काजूच्या दिवसांत माकडे आणि वानर बागांत उतरतात. कुत्र्यांचा उपद्रव तर वर्षभराचा. माणसाला होणारा रेबीज जवळजवळ नेहमी कुत्र्याच्या चाव्यातूनच होतो आणि लक्षणे दिसू लागल्यावर रोगी सहसा वाचत नाही. ही साथ रोखावयाची तर दहांपैकी सात कुत्र्यांना लस टोचलेली असावी लागते.

हे एकच वार्षिक काम आपण तीन दारांत वाटून टाकले आहे. गुरे आणि कोंडवाडा ग्रामपंचायतीकडे, माकडे वनखात्याकडे, तर कुत्र्यांचे निर्बीजीकरण २०२३ च्या नियमांनुसार स्थानिक संस्थेकडे. कोंडवाड्याचा मूळ कायदा १८७१ चा. त्याच्या व्याख्येत हत्ती आणि उंटही आहेत. माकड आणि कुत्रा मात्र नाहीत. नुकसान सोसणाऱ्या शेतकऱ्याला एकाच दिवसात तिन्ही दारे पुजावी लागतात आणि प्रत्येक दारात त्याला शेजारचे दार दाखविले जाते.

कायदा जुना म्हणून टाकाऊ होता, असे नव्हे. पिकात शिरलेले गुरू शेतकऱ्याने पकडून चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पाठवावे, मालकाने दंड व चाऱ्याचा खर्च भरून ते सोडवावे, कोणी न आल्यास नोटीस काढून त्याचा लिलाव व्हावा, अशी त्याची रचना होती. तिचा सारा भार गुराला किंमत असण्यावर होता. पॉवर टिलर आला तशी बैलाची किंमत उतरली. २०१५ मध्ये राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली आणि म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक उरले नाही. त्या बंदीमागील भावनेचा आदर राखूनही तिचा खर्च कोणावर पडला, हे विचारणे अर्थशास्त्राचे कर्तव्य आहे. मालक आता गुरू सोडवावयास येत नाही, लिलावात कोणी बोली लावत नाही. मग पंचायत कोंडवाड्याचे दार उघडेल कशाला? वाचलेला चारा मालकाचा, बुडालेले पीक मात्र शेजाऱ्याचे!

ब्रिटनमध्ये १९९० च्या कायद्याने भटक्या कुत्र्यांसाठी प्रत्येक स्थानिक संस्थेला एक अधिकारी नेमणे बंधनकारक केले. आपल्याकडे प्रत्येक गावाला असा अधिकारी परवडणार नाही, हे खरे. पण दहा-बारा गावांच्या गटाला एक प्राणी-नियंत्रण अधिकारी, दोन मदतनीस, एक वाहन आणि एक सामाईक कोंडवाडा, ही मागणी अवास्तव म्हणता येणार नाही. लसीकरण, निर्बीजीकरण, पकडलेली गुरे आणि माकडांच्या तक्रारी यांची एकच नोंदवही त्याच्याकडे असावी. गुरांच्या कानांत आता बारा अंकी बिल्ला असतो, त्यावरून मालक शोधता येतो. दंड चाऱ्याच्या खर्चाहून कमी नसावा. मात्र ज्याला म्हातारे जनावर पोसणे खरोखरच अशक्य आहे, त्याच्याकडून ते सरकारने ताब्यात घ्यावे. बंदी सरकारची, तर पोसण्याचा खर्चही त्याच तिजोरीतून व्हावयास हवा.

यासाठी पैसा लागेल. पण आजही आपण तो भरतोच आहोत. पडीक शेतांच्या, मोडलेल्या दुचाकींच्या आणि रेबीजच्या सुयांच्या रूपाने. फरक इतकाच, की हा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही आणि त्याचा जाब कोणालाच द्यावा लागत नाही.