सॅक भरण्याआधी

"काका, सहा महिने, अकरा देश, सगळं जमिनीवरून. सॅक घेऊन झाली, आता पुढचं सांगा." गावातला एखादा पोट्टा मोबाईलवरचा नकाशा माझ्यापुढं धरून असं म्हणतो, तेव्हा मला मनापासून आनंद होतो. आईबापांनी संत्र्याच्या बगीच्यात आणि कपाशीच्या तासात आयुष्य काढलं, त्यांच्या मुलामुलींना जग पायाखाली घालावंसं वाटतं ही लहान गोष्ट नाही. म्हणूनच अशा प्रत्येकाला मी आधी खाली बसवतो आणि पहिल्यांदा सीमांबद्दल बोलतो.

नकाशावर चांदूर बाजारपासून लंडनपर्यंत रस्ता सलग दिसतो. नाके बंद आहेत की उघडे, ते त्यावर दिसत नाही. पश्चिमेला अटारीचा नाका एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर बंद झाला. पूर्वेला मणिपूरमधल्या मोरेहून म्यानमारमार्गे थायलंडला जाता येईल असं स्वप्न पुष्कळांनी पाहिलं, पण फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथं लष्करानं सत्ता घेतली आणि पुढं देशभर युद्ध पेटलं. त्या वाटेनं कोणीही जाऊ नये. उत्तरेला नेपाळमधून तिबेटात जाणाऱ्या रसुवागढीच्या नाक्यावरचा पूल जुलै २०२५ च्या पुरात वाहून गेला. तसंही तिबेटमध्ये परदेशी माणसाला परवान्याशिवाय एकट्यानं फिरता येत नाही.

पूर्वी हे असं नव्हतं. १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जग फिरायला निघाले. बलुचिस्तान, इराण, इराक करत ते पुढं गेले आणि त्यांतले तिघं पृथ्वीला वळसा घालून १९२८ साली परत आले. १९७० च्या आसपास युरोपातली तरुण मुलं इस्तंबूलहून तेहरान, काबूल, लाहोर करत बसनं दिल्लीत आणि तिथून गोव्यात उतरायची. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा घुसल्या आणि ती वाट मोडली. नाके उघडतात, मिटतात, पुन्हा उघडतात. २०२५ मध्ये थायलंड आणि कंबोडियात लढाई झाली, तेव्हा वर्षानुवर्षं पर्यटकांनी गजबजलेले तिथले नाकेही बंद झाले. त्यामुळं वाट ठरवताना दोन वर्षांपूर्वीच्या कोणाच्या व्हिडिओवर भिस्त ठेवू नका. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना आणि त्या देशाच्या वकिलातीचं संकेतस्थळ निघण्याच्या आठवड्यात पुन्हा वाचा.

मग जायचं कुठं? माझा सल्ला स्पष्ट आहे. पहिल्या खेपेला नेपाळ आणि भूतान, पाच आठवडे, दोनच देश. अकरा देशांचे शिक्के गोळा करायला निघालेला माणूस निम्मे दिवस बसस्टँडवर आणि रांगेत घालवतो, हे मी स्वतः केलेलं आहे आणि आज त्याचं वाईट वाटतं. त्या प्रवासातली माणसं मला आठवत नाहीत, गाड्यांचे नंबर आठवतात.

नागपूरहून गोरखपूरला रेल्वे आहे. गोरखपूरहून बसनं सोनौली, तिथं सीमेवरची कमान चालत ओलांडली की नेपाळ, आणि तासाभरावर लुंबिनी. वऱ्हाडातल्या कितीतरी बौद्ध कुटुंबांना ही वाट पाठ आहे. बोधगया, सारनाथ, कुशीनगर, लुंबिनी अशा यात्रेला आपल्याकडून बसगाड्या भरून जातात. स्वतः बाबासाहेब नागपूरच्या दीक्षेनंतर महिनाभरानं, नोव्हेंबर १९५६ मध्ये, जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले होते. तुमच्या गल्लीत अशी यात्रा करून आलेल्या आजी असतील, तर त्यांच्याजवळ एक संध्याकाळ बसा. कुठं पाणी बाधलं, कुठं विहारात पथारी टाकायला जागा मिळाली, कुठं पैसे बदलताना फसगत झाली, हे त्या नीट सांगतील.

लुंबिनीहून पोखरा, काठमांडू, मग पूर्वेला काकडभिट्टाच्या नाक्यातून मेची नदी ओलांडून परत भारतात, सिलिगुडी, जयगाव, आणि समोर भूतानचं फुंतशोलिंग. येताना न्यू जलपाईगुडी, हावडा करत बडनेरा. दोन्ही देशांत आपल्याला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. नुसत्या आधार कार्डाच्या भरवशावर मात्र निघू नका, भूतानच्या दारातून परत यावं लागेल. भूतान भारतीय पर्यटकाकडून दर रात्रीचे १२०० रुपये शाश्वत विकास शुल्क म्हणून घेतो. सात रात्रींचे झाले ८४००, जेवण-मुक्काम वेगळा. म्हणून भूतानात आठवडा आणि नेपाळात बाकीचे दिवस. नेपाळात आपल्या शंभर रुपयांचे तिथले एकशे साठ होतात, हा दर ठरलेला आहे. आपल्या मोठ्या नोटांबद्दलचे तिथले नियम मात्र बदलत आले आहेत, तेव्हा शंभराच्या नोटांचा गठ्ठा जवळ ठेवा.

पोखऱ्याहून मुक्तिनाथला जायचा मोह सगळ्यांना होतो. इथं थोडं थांबून ऐका. पोखरा आठ-नऊशे मीटरवर आहे आणि मुक्तिनाथ ३७०० मीटरच्या आसपास. जीपवाला एका दिवसात वर नेऊन सोडतो. आपण सपाटीवरची माणसं, आपल्या शरीराला त्या विरळ हवेची सवय नाही. जोमसोम किंवा कागबेनीला एक-दोन रात्री काढा, मग वर जा. वर गेल्यावर डोकं ठणकलं, मळमळलं, तर ते पित्त आहे असं समजून गोळी खाऊन झोपू नका. खाली उतरा, त्याच दिवशी. प्रवासाचा विमा घेताना तो किती उंचीपर्यंत लागू आहे, तेही विचारून घ्या. स्वस्त विमा बहुतेक वेळा नेमका तिथंच हात वर करतो.

कधी निघायचं, हे आपल्या घरच्या शेतीवरूनच ठरवा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हिमालय स्वच्छ दिसतो, पण तेव्हा आपल्याकडं सोयाबीन निघतं, कापूस फुटतो, आंबिया बहाराची संत्री तोडायला येतात. त्या वेळी बापाला एकटं टाकून जाणं बरं नाही आणि गेलात तरी मन लागणार नाही. तूर निघाली, हरभरा घरात आला, गुढीपाडवा झाला की निघा. मृग बहार धरला असेल तर तोड आटोपेपर्यंत थांबा. इथं ऊन तापायला लागतं तेव्हा तिथं डोंगरात फुलं असतात, आणि जूनच्या पावसानं दरडी कोसळायच्या आत, पेरणीच्या आधी, तुम्ही घरी असता.

हे पाच आठवडे नीट पार पडले, तर दुसऱ्या वर्षी पुढचं. बँकॉकला विमानानं जा, मधल्या बंद वाटेला दुसरा इलाज नाही. बँकॉकहून रात्रीच्या रेल्वेनं लाओसच्या सीमेवर, तिथून व्हिएन्टियान, मग डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या नव्या रेल्वेनं लुआंग प्रबांग, आणि बसनं व्हिएतनाम. इथं प्रत्येक देशाचा कागद वेगळा. थायलंडला जाण्याआधी आगमनाचा अर्ज ऑनलाइन भरावा लागतो. व्हिएतनामच्या ई-व्हिसाच्या अर्जात तुम्ही कोणत्या नाक्यातून आत येणार ते लिहावं लागतं. लिहिलं विमानतळाचं नाव आणि उभे राहिलात डोंगरातल्या नाक्यावर, तर आलेल्या बसनं परत जायची पाळी येते.

पासपोर्टाचं काम सगळ्यात आधी सुरू करा. अमरावतीला पोस्टातच पासपोर्ट सेवा केंद्र आहे. दहा वर्षांच्या छत्तीस पानी पासपोर्टाला १५०० रुपये आणि साठ पानीला २००० रुपये फी आहे. लांबचा विचार असेल तर साठ पानीच घ्या. आपल्याकडं अडतं ते नावाच्या घोळावर. शाळेच्या टीसीवर आजोबांचं नाव, आधारवर आडनाव पुढं, मार्कशीटवर स्पेलिंग तिसरंच. हे सगळं आधी एकसारखं करून घ्या, यात महिने जातात. पोलीस पडताळणीला घरी कोणी येईल तेव्हा तुम्ही पुण्यात नोकरीवर असाल, तर पत्ता पुण्याचाच द्या.

पैशाचं बोलतो. या प्रवासासाठी पीककर्ज, आईची पोत आणि बचत गटाचा पैसा, या तिन्हींना हात लावायचा नाही. वर्षभर उशीर झाला तरी चालेल. परतीच्या तिकिटाएवढी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा आणि ते कार्ड सॅकच्या तळाशी शिवून टाका. आपल्या बँकेचं कार्ड परदेशात आपोआप चालत नाही, ती सोय बँकेला सांगून किंवा ॲपवरून आधी सुरू करावी लागते. नेपाळ-भूतानमध्ये पुष्कळ दुकानांत आपलं यूपीआय चालतं, पण डोंगरात रेंज गेली की रोख पैसाच कामाचा.

आता जिवाला लागलेली गोष्ट. "फिरता फिरता तिकडंच नोकरी मिळते, एक एजंट ओळखीचा आहे," असं कोणी म्हणालं तर तो प्रवास तिथंच थांबवा. बँकॉकमध्ये संगणकावरचं काम, पगार लाखभर, तिकीट कंपनीचं, असं सांगून मुलांना पर्यटक म्हणून नेतात. तिथून मोटारीनं मे सोत या सीमेवरच्या गावी, आणि मोई नदी ओलांडली की म्यानमारचं म्यावाडी. पासपोर्ट काढून घेतात, कोंडून ठेवतात आणि ऑनलाइन फसवणुकीची कामं करायला लावतात. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र सायबरनं अशा जाळ्यातून साठहून अधिक भारतीयांना सोडवून आणलं. इराणला जाणाऱ्यांनाही नोकरीच्या थापा मारून पळवून नेल्याचे प्रकार घडले आणि इराणनं नोव्हेंबर २०२५ मध्ये भारतीयांची व्हिसामाफी थांबवली. फिरायला जायचं तर फिरायला जा. नोकरीला जायचं तर सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेल्या एजंटाकडूनच जा. दोन्ही एका सॅकमध्ये भरू नका. आणि पालकांनो, मुलगा एकाएकी फोनवर तुटक बोलू लागला, ठिकाण सांगेना, पैसे मागू लागला, तर लाज न बाळगता त्याच दिवशी पोलीस ठाणं गाठा.

मुलींच्या आयांना एक विनंती आहे. पोरगी जाते म्हणाली की "लोक काय म्हणतील" हे आधी काढू नका. पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ मध्ये, विशीतच, सायकलवर पृथ्वीप्रदक्षिणा करून आली, वाटेत स्पेनमध्ये तिला लुटलं तरीही. तुमची लेक सोनौलीपासून काठमांडूपर्यंत नक्की जाऊ शकते. मैत्रिणीबरोबर जाऊ द्या, पहिल्या रात्रीचा मुक्काम आधी ठरवून द्या, रोज संध्याकाळी एका ठरलेल्या वेळी फोन करायचं कबूल करून घ्या. हीच अट मुलालाही घाला.

सामानासाठी मी आपल्याच मातीकडं बोट दाखवतो. कौंडण्यपूरहून रुक्मिणीमातेची पालखी आणि शेगावहून गजानन महाराजांची पालखी आषाढीला पंढरपूरला पायी जातात. सुमारे महिनाभर, रोज वीस-पंचवीस किलोमीटर. त्यातल्या एखाद्या म्हाताऱ्या वारकऱ्याची पिशवी उघडून पाहा. दोन कपडे, एक पांघरूण, ताट-तांब्या, प्लॅस्टिकचा कागद, पायाला लावायला तेल. इथून जवळच्या शेंडगावात १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा हातात झाडू आणि एक गाडगं घेऊन महाराष्ट्रभर हिंडले आणि प्रवाशाला रात्री पाठ टेकायला जागा लागते हे ओळखून त्यांनी ठिकठिकाणी धर्मशाळा बांधल्या. तुमची भरलेली सॅक सात-आठ किलोंच्या वर जाऊ नये. नवे बूट घालून निघू नका, दोन महिने आधीपासून शेतात वापरा. औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या, आणि बाहेरदेशी जाताना खोकल्याचं किंवा कडक वेदनाशामक औषध तिथं चालतं का ते विचारा. खर्ऱ्याची पुडी घरी ठेवा. सिंगापूरला चघळायच्या तंबाखूवर बंदी आहे, अमिरातीत साधी खसखस बाळगली तरी तुरुंग होऊ शकतो.

पासपोर्ट सॅकमध्ये नाही, अंगावर. २०२५ मध्ये मुंबईचा एक तरुण मोटारसायकलनं सतरा देश ओलांडून इंग्लंडला पोचला, आणि नॉटिंगहॅममध्ये त्याची गाडी सामान-पासपोर्टासकट चोरीला गेली. कमरेला कापडी पट्टा शिवून घ्या, आपल्या गावचा कोणताही टेलर तासाभरात शिवून देतो. कागदांच्या झेरॉक्सचा एक संच घरी, एक सॅकमध्ये, फोटो मेलवर. शिवाय वेळापत्रकात चार-पाच दिवस रिकामे सोडा. सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडूत उठाव झाला, विमानतळ बंद पडला आणि कितीतरी भारतीय अडकले. ज्यांच्याजवळ चार दिवस आणि थोडे पैसे शिल्लक होते, त्यांना खोलीत शांत बसून राहता आलं.

निघण्याच्या महिनाभर आधी एका शनिवारी सॅक पूर्ण भरा. एसटीनं परतवाडा, तिथून चिखलदरा. वर उतरून सॅक पाठीवर घेऊनच गाविलगडापर्यंत चालत जा, किल्ला फिरा, रात्री तिथंच स्वस्तात राहा, कपडे स्वतः धुवा, दोन दिवस ठरलेल्या पैशातच भागवा. रविवारी घरी आलात की सॅक बाजेवर उलटी करा आणि दोन दिवसांत ज्याला हात लागला नाही, ते सगळं आईजवळ परत द्या.