जार गार आहे, पण तपासलाय का?
अमेरिकेतल्या ग्रँड रॅपिड्सनं १९४५ साली मुलांचे दात किडू नयेत म्हणून नळाच्या पाण्यात मुद्दाम फ्लोराइड घातलं. आमच्या पांढरकवड्याच्या भागात काही बोअरांतून ते फुकट येतं, तेही नको तितकं. पोर हसलं की पुढच्या दातांवर पिवळट-तपकिरी पट्टे दिसतात आणि आई बिचारी ब्रशवरून त्यालाच रागावते. पण हे डाग घासून निघत नाहीत. दात हिरडीत घडतानाच ते बसतात. पाणी उकळलं तर आटून फ्लोराइड उलट वाढतंच. लिटरमागं दीड मिलिग्रॅम ही शेवटची मर्यादा. आरओ ते काढतं, यंत्र नीट राखलं तर! सुट्या गार जारवर आयएसआय शिक्का नसतो, तेव्हा जारवाल्याला तपासणीचा कागद मागाच.