गर्भारपणातील मधुमेह : बाळंतपणानंतरची विसरलेली तपासणी

गर्भवतीच्या रक्तातील साखर तपासायची की नाही, हा प्रश्न आपल्याकडे धोरणाच्या पातळीवर केव्हाच सुटला आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१४ मध्ये सर्वच गर्भवतींच्या तपासणीसाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि २०१८ मध्ये त्यांत सुधारणा केली. त्यामागे चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनी पुरस्कारलेली सोपी पद्धत आहे. उपाशीपोटी येण्याची अट नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्यायचे आणि दोन तासांनी रक्त तपासायचे. साखर १४० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक आढळली, तर निदान नक्की. ही तपासणी पहिल्याच भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांदरम्यान व्हावी, अशी अपेक्षा आहे.

हा विकार केवळ गोड खाल्ल्याने होत नाही. वारेतून स्रवणाऱ्या संप्रेरकांमुळे इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो. बहुतेक स्त्रियांचे शरीर जादा इन्सुलिन तयार करून ही तूट भरून काढते. काहींना ते जमत नाही. आईची साखर वारेतून बाळापर्यंत पोहोचते, पण तिचे इन्सुलिन पोहोचत नाही. मग बाळाचे स्वादुपिंडच जादा इन्सुलिन बनवू लागते. बाळाचे वजन प्रमाणाबाहेर वाढते, प्रसूती अवघड होते आणि जन्मानंतर बाळाची साखर एकाएकी घसरू शकते.

उपाय मात्र आवाक्यातले आहेत. 'दोन जिवांचे खाणे' म्हणजे दुप्पट खाणे नव्हे, हे घरातील वडीलधाऱ्यांनीही समजून घ्यायला हवे. उपास टाळून थोडे थोडे विभागून खाणे, भाताच्या जोडीला उसळ, वरण व पालेभाजी वाढवणे आणि नियमित चालणे एवढे पुष्कळजणींना पुरते. दोन आठवड्यांनंतरही जेवणानंतर दोन तासांची साखर १२० किंवा त्याहून अधिक राहिली, तर औषध वा इन्सुलिन द्यावे, असे ही तत्त्वे सांगतात.

खरी उणीव यापुढे आहे. प्रसूतीनंतर वार पडते, साखर बहुधा पूर्ववत होते आणि हा विषय तिथेच संपला असे सारे समजतात. प्रत्यक्षात अशा स्त्रियांना पुढे टाइप-२ मधुमेह होण्याचा धोका इतरांच्या सात ते दहा पट असतो. म्हणूनच सहाव्या आठवड्यात पुन्हा ग्लुकोज चाचणी सुचवली आहे. पण तोवर साऱ्या घराचे लक्ष बाळाकडे वळलेले असते. बाळंतीण माहेरी असते, कागदपत्रे सासरच्या गावी असतात आणि तिच्यापुढे डिंकाचे लाडू आलेले असतात. आईची तपासणी मागे पडते ती अशी.

वस्तुतः संधी समोरच आहे. सहाव्या आठवड्यात बाळाला लसीकरणासाठी नेले जातेच. त्याच सकाळी आईला उपाशीपोटी बोलावून तिचीही चाचणी करता येईल. गर्भारपणातील निदानाची नोंद बाळाच्या लसीकरण कार्डावर ठळकपणे केली, तर गाव बदलले तरी ती हरवणार नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने भारतीय बाळ वजनाने कमी असूनही अंगी चरबी जास्त घेऊन जन्मते, हे जगापुढे मांडले. अशा देशात मधुमेह रोखण्याचे काम गर्भातच सुरू व्हावे लागते. मात्र त्यासाठी प्रसूतीनंतरही आई ही स्वतंत्र रुग्ण आहे, हे आरोग्ययंत्रणेने आणि कुटुंबानेही मान्य करायला हवे.