चढाईपटू उन्हाळ्यात घडतो

शालेय कबड्डीच्या स्पर्धा पावसाळ्यात सुरू होतात आणि आपल्या बारामती-इंदापूरकडे मुलांना मैदानही तेव्हाच आठवतं. चढाई ३० सेकंदांची. तेवढ्यात समोरच्या सात जणांचे पाय नजरेत ठेवायचे, बोनस घ्यायचा की परतायचं ते ठरवायचं आणि दम तुटू द्यायचा नाही. हे पंधरा दिवसांत येत नाही. मार्च ते जून या रिकाम्या महिन्यांतच ते अंगात मुरतं.

नेमकी तेव्हाच आपली मुलं गॅरेजवर, फळांच्या गाड्यावर असतात. घराला हातभार लागतो, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण फजरनंतरचे दोन तास तरी मुलाला द्या. शाळांनी सुट्टीत मैदानाचं कुलूप काढावं. रमजानमध्ये सराव इफ्तारनंतर, हलका ठेवावा. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. काही वर्षांत तो स्पर्धांच्या दिवसांतच येईल. रोज्यातल्या सरावाची शिस्त आत्ताच लावलेली बरी.

राज्याच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. ते पदकांवर मिळतं, चार दिवसांच्या उत्साहावर नाही. आरक्षणावर तावातावाने बोलणाऱ्या आपल्या मोहल्ल्याने या ५ टक्क्यांकडेही एकदा बघावं.