महापालिका मुंबईची, सूत्रे मंत्रालयाची

मुलुंडच्या रहिवाशाने तुंबलेल्या गटाराची तक्रार 'टी' विभाग कार्यालयात करायची, झोपडीच्या पुनर्विकासासाठी झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण गाठायचे आणि मेट्रोच्या खोदकामाबद्दल एमएमआरडीएकडे बोट दाखवायचे. यापैकी त्याच्या मताला थेट बांधील असलेली संस्था एकच, महापालिका. तिचाही कारभार हाकणारे आयुक्त राज्य सरकार नेमते.

ही रचना १८८८ च्या कायद्यापासूनची आहे. महापौर सभागृहाचे अध्यक्षस्थान भूषवितात, कार्यकारी अधिकार मात्र आयुक्तांकडे असतात. १९९८ मध्ये 'महापौर परिषदे'चा प्रयोग झाला खरा. पण वर्षभरातच तो गुंडाळला गेला.

भारत संघराज्य असले तरी मंत्रालयापासून खाली व्यवस्था एकात्म राज्यासारखीच चालते. ब्रिटनमध्ये थॅचर सरकारने संसदेत कायदा करून १९८६ मध्ये ग्रेटर लंडन कौन्सिलच बरखास्त केली. ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर येथे महापालिका तशी नाहीशी करता येत नाही. मात्र तिचा आकार आणि अधिकार आजही विधिमंडळच ठरविते. नगरसेवकांची संख्या २२७ वरून २३६ करण्याचा निर्णय २०२१ मध्ये झाला आणि सत्तापालटानंतर २०२२ मध्ये ती पुन्हा २२७ झाली. दरम्यान, ७ मार्च २०२२ रोजी सभागृहाची मुदत संपली. मतदान झाले ते थेट १५ जानेवारी २०२६ रोजी. जवळपास चार वर्षे आयुक्त हेच प्रशासक होते. प्रस्ताव मांडणारे तेच आणि स्थायी समितीच्या अधिकारात तो मंजूर करणारेही तेच! जकातही १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा करात विलीन झाली. तेव्हापासून उत्पन्नाच्या त्या मोठ्या स्रोताऐवजी पालिका राज्याकडून मिळणाऱ्या भरपाईवर अवलंबून आहे.

उपनगरांना हे अंतर अधिक जाणवते. अंधेरी, घाटकोपर १९५० मध्ये आणि बोरिवली, मुलुंड १९५७ मध्ये मुंबईत आले. त्यापूर्वी घाटकोपर-किरोळला स्वतःची नगरपालिका होती. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईत एका नगरसेवकामागे सुमारे ५५ हजार लोकसंख्या येते. एखाद्या लहान शहराएवढी. सत्ता जवळ यावी म्हणून प्रभाग समित्या स्थापन झाल्या, परंतु त्यांच्या हाती किरकोळ कामांची मंजुरीच राहिली. समितीच्या बैठकीत उत्तरे देणारे विभागाचे सहायक आयुक्त समितीला नव्हे, आयुक्तांना जबाबदार असतात.