टाकाऊतून टिकाऊ, की टिकाऊतून टाकाऊ?

स्नेहसंमेलन जवळ आले की कॉलेजच्या फलकावर स्पर्धांची यादी झळकू लागते. रांगोळी, पुष्परचना, पाककृती, मेंदी. आणि या यादीच्या शेवटी ठरलेले नाव म्हणजे 'टाकाऊतून टिकाऊ'. बाटलीला लोकर गुंडाळून केलेली फुलदाणी, आइस्क्रीमच्या काड्यांचे घरकुल, जुन्या बांगड्यांचे तोरण, निकामी तबकड्यांचा मोर अशा वस्तू टेबलावर मांडल्या जातात. परीक्षक चष्मा सावरीत फिरतात, कौतुक करतात, बक्षिसे वाटली जातात. करणाऱ्यांच्या हौसेला मी नावे ठेवीत नाही. पण एक साधा प्रश्न विचारावासा वाटतो. महिन्याभराने या वस्तू कोठे असतात? बहुतेक माळ्यावर, नाहीतर केराच्या डब्यात! म्हणजे टाकाऊतून टिकाऊ झालेच नाही. टाकाऊ वस्तूला केरात जायला थोडा उशीर झाला, एवढेच.

आणि गंमत अशी, की ज्या घरातून तो लोकरीचा बुधला येतो त्याच घरातून त्याच वर्षी एखादे सागवानी कपाट, एखादी वेताची खुर्ची, तांब्याचा बंब किंवा पितळेची परात भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढलेली असते. टिकाऊतून टाकाऊ करण्याची ही दुसरी स्पर्धा आपल्या घराघरांत बारा महिने चालू असते. तिला परीक्षक नसतात आणि बक्षीस भंगारवाल्याला मिळते. मला जे म्हणायचे आहे ते या दुसऱ्या स्पर्धेविषयी.

आपल्या घरांना दुरुस्ती नवी नव्हती. जुन्या धोतराचे पंचे होत, पंच्यांची फडकी होत आणि फडक्यांची शेवटी पोतेरी होत. विरलेल्या नऊवारी लुगड्यांचे थर एकावर एक घालून, धावदोऱ्याने शिवून गोधडी तयार होई. जाते आणि पाटा गुळगुळीत झाला की टाकी लावणारा दारावर येई. पिंजारी गादीतला कापूस पिंजून देई. छत्री दुरुस्त करणारा, चाकू-कात्रीला धार लावणारा, कल्हईवाला या साऱ्यांच्या आरोळ्या गल्लीत ठरावीक काळाने ऐकू येत. वस्तू विकत घेणे हा आरंभ असे. तिची निगा राखणे हे पुढे वर्षानुवर्षे चालणारे काम असे.

कल्हईचेच पाहा. तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवला तर तो कळकतो, हे आपल्या आज्यांना रसायनशास्त्राच्या पुस्तकावाचून ठाऊक होते. त्यावर उपाय म्हणजे आतून कथिलाचा पातळ लेप. भांडे भट्टीवर तापवायचे, नवसागर टाकून आतला भाग स्वच्छ करायचा, कथिलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने वितळलेले कथील सर्वत्र फिरवायचे. कथील 232 अंश सेल्सिअसला वितळते. भट्टी कशी पेटवावी आणि भांडे केव्हा उचलावे ही त्या कारागिराची सारी विद्या. पांढरा धूर निघतो, भांडे पाण्यात बुडते, चर्र आवाज होतो, आणि आतून आरशासारखे लखलखते. स्टेनलेस स्टील आले आणि ही गरज सरली. याबद्दल अश्रू ढाळण्याचे कारण नाही. घासायला सोपे भांडे कोणत्या गृहिणीला नको असेल? पण कल्हईबरोबर एक समजूतही गेली. वस्तू खराब झाली म्हणजे संपली असे नाही, तिचा खराब झालेला भाग तेवढा नवा करता येतो, ही ती समजूत. तिच्या जाण्याने आपले नुकसान झाले आहे.

येथे मला आमच्या घरच्या एका खुर्चीचे उदाहरण द्यावेसे वाटते. खुर्ची सागवानी, आजोबांच्या वेळची. बैठकीचा वेत फाटलेला, दोन पाय डुगडुगणारे आणि अंगावर वर्षानुवर्षांचा तेलकट थर. ताईला बघायला पाहुणे येणार म्हणून ती काढून टाकण्याचे ठरले. आईचे म्हणणे एकच होते, "पाहुण्यांना काय वाटेल?" बाबांनी नव्या सोफ्याच्या हप्त्यांचा हिशेबही मांडून ठेवला होता. मी म्हटले, "आई, मला पंधरा दिवस दे. नाही जमले तर मीच ती भंगारात घालून येईन."

काम कठीण नव्हते, वेळखाऊ मात्र होते. ते येथे थोडे विस्ताराने सांगतो, कारण कोणालाही करता येण्यासारखे आहे. प्रथम खुर्ची साबणाच्या कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवली. डुगडुगणारे सांधे लाकडी हातोडीने हलके ठोकून मोकळे केले, आतला वाळलेला जुना सरस खरवडून काढला, नवा सरस भरला आणि पायांभोवती सुतळी गुंडाळून, तीत काडी घालून पीळ दिला. असा आवळलेला सांधा पुरा एक दिवस हलवायचा नाही. बहुतेक जण येथे घाई करतात व वरून खिळा ठोकतात. खिळ्याने सांधा चार महिने बसतो आणि मग लाकूडच फाटते. त्यानंतर काचकागद. आधी भरड, मग मध्यम, मग बारीक. आणि तो नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने फिरवायचा, आडवा कधीच नाही. काळपट थर गेला आणि खालून सागाचा सोनेरी-तपकिरी रंग वर आला, तेव्हा आईसुद्धा हातातले काम टाकून पाहायला आली.

पॉलिश मी बाजारातले तयार न घेता चपडा लाख आणून स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवून केले. लाख म्हणजे काय, हे कला शाखेच्या आपल्यासारख्या विद्यार्थ्यांना महाभारतातल्या लाक्षागृहामुळे नावापुरते ठाऊक असते. पळस, कुसुम, बोर या झाडांच्या फांद्यांवर एक अगदी लहान कीटक राहतो. त्याच्या अंगातून पाझरलेल्या रसाचे ते कवच. झारखंड, छत्तीसगड या भागांतील आदिवासी कुटुंबे ती पिकवतात आणि रांचीजवळ नामकुम येथे 1924 पासून लाखेवर संशोधन करणारी संस्था आहे. कापसाचा बोळा मऊ कापडात बांधून, त्याने लाखेचे पातळ हात एकावर एक द्यायचे. एक जाड हात देण्यापेक्षा सहा पातळ हात चांगले. हे काम पावसाळ्यात मात्र करू नये. दमट हवेत लाखेवर पांढरट झाक येते. आणि स्पिरिट पेट घेते, म्हणून जवळपास शेगडी किंवा उदबत्ती नको.

वेताचे काम मला येत नव्हते, ते मी एका अंध कारागिराकडून करून घेतले. अंधांना खुर्च्या विणण्याचे शिक्षण देण्याची परंपरा आपल्याकडे आहे. पाण्यात भिजवलेला वेत त्यांच्या बोटांतून दोरीसारखा वळत होता. वाळल्यावर तोच वेत आक्रसून ताठ झाला. ते काम पाहताना शेजारी बसण्यात माझी दुपार गेली आणि ती मला एखाद्या चांगल्या तासासारखी वाटली.

आता खर्चाचे सांगतो. लाख, स्पिरिट, काचकागद, वेत आणि मजुरी मिळून जेवढे पैसे गेले, तेवढ्यात प्लास्टिकची एक नवी खुर्ची सहज आली असती. वर चार पैसे उरलेही असते. म्हणूनच 'काटकसरीसाठी जुन्या वस्तू वापरा' हा नेहमीचा उपदेश मला पटत नाही. तो नेहमीच खरा ठरत नाही. जुनी वस्तू राखायची ती ती चांगली आहे म्हणून. चाळीस-पन्नास वर्षे ऊन-पाऊस पाहिलेले सागाचे लाकूड आज त्याच पैशांत बाजारात मिळणार नाही. उलट आजची पुष्कळ तयार कपाटे भुसा आणि सरस दाबून केलेल्या फळ्यांची असतात. वरचा सनमायका छान दिसतो, पण पाणी लागले की फळी फुगते; एकदा उपटलेला स्क्रू त्याच भोकात पुन्हा बसत नाही. अशी वस्तू दुरुस्त होऊच शकत नाही. तिला जुने होण्याचा अधिकारच नाही, ती थेट टाकाऊ होते.

नूतनीकरणाच्या नावाखाली जे चालते त्याविषयीही थोडे बोलले पाहिजे. उत्तम शिसवी पेटीला पांढरा ऑइलपेंट फासणे, पितळेच्या समईत विजेचा दिवा बसवणे, पाटावर काचा चिकटवून तो भिंतीला टांगणे, याला मी दुरुस्ती म्हणत नाही. इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिसने 1877 साली जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी एक संस्था काढली. जीर्णोद्धाराच्या उत्साहात लोक जुन्या भिंती खरवडून नव्या कोऱ्या करीत होते, त्याला तिचा विरोध होता. तिला लोक गमतीने 'खरवड-विरोधी' म्हणत. गळणारे छप्पर आधी दुरुस्त करा, वय पुसून टाकू नका, हा तिचा विचार घरातल्या पेटीलाही लागू आहे. जुना रंग खरवडण्यात आणखी एक धोका आहे. पूर्वीच्या तैलरंगांत शिसे असे. भारतात घरगुती रंगांतील शिशावर दशलक्षात 90 भाग ही मर्यादा 2017 सालच्या नोव्हेंबरपासून लागू झाली. तेव्हा जुना रंगवलेला पाळणा कोरडा घासून त्याची धूळ घरभर उडवणे ही हौस लहान मुलांच्या जिवाशी खेळ ठरू शकते.

कोणी म्हणेल, 'जुने ते सोने' म्हणून रडणारा हा आणखी एक लेख. तसे नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिवे, अडकित्ते, फण्या, दरवाजे पाहताना आपण हरखून जातो. दिनकर केळकर, म्हणजेच 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारे कवी, यांनी या रोजच्या वापराच्या वस्तू गावोगाव हिंडून जमवल्या आणि आपल्या दिवंगत मुलाच्या नावाने संग्रहालय उभे केले. त्यांचे ऋण मोठे आहे. पण घर म्हणजे संग्रहालय नव्हे. ढेकणांनी भरलेला पलंग, वाळवीने पोखरलेले कपाट केवळ आजोबांचे म्हणून छातीशी धरण्यात अर्थ नाही. जी वस्तू दुरुस्त होऊन कामाला येते ती राखावी; बाकीच्यांचा हसतमुखाने निरोप घ्यावा.

खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती बोलायला आपण कचरतो. हाताने काम करण्याची आपल्याला लाज वाटते. सुतारकाम सुताराचे, वेत-बांबूचे काम बुरुडाचे, भांडी कासार-तांबटांची, अशी वाटणी करून आपण कामे जातींच्या गळ्यात बांधली. आणि ज्यांच्या गळ्यात ती होती त्यांना खालच्या पायरीवर बसवले. शिकला तो रंध्यापासून सुटला, अशी आपल्या शिक्षणाची व्याख्या झाली. 1937 साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाभोवती शिक्षण गुंफण्याची नई तालीम मांडली. तिच्यावर आपण परीक्षेत दहा गुणांची टीप लिहितो; आणि वर्गातले बाक मोडले तर नव्या बाकासाठी अर्ज करतो!

यावर एक चांगला आक्षेप माझ्या एका मित्राने घेतला. तो म्हणाला, "तुम्ही पांढरपेशांनी हौसेने सुतारकाम सुरू केले, तर सुताराच्या पोटावर पाय नाही का?" मला उलट वाटते. स्वतः एक सांधा बसवून पाहिलेला माणूस सुताराशी मजुरीची घासाघीस करताना दहा वेळा विचार करतो. शिवाय दुरुस्तीची मागणी वाढली तरच दुरुस्ती करणारा जगेल. सगळे नवे कोरे घेऊ लागले तर त्याचे दुकान आधी बंद पडेल. सुताराला आपण घरी बोलावतच नाही, हे त्याचे खरे दुःख आहे.

जगही या बाजूने विचार करू लागले आहे. 2009 साली ॲमस्टरडॅममध्ये एक 'दुरुस्ती कॅफे' भरला. मोडक्या वस्तू घेऊन या, चहा-कॉफी घ्या आणि जाणकारांच्या मदतीने त्या स्वतः दुरुस्त करा, अशी ती साधी कल्पना पुढे अनेक देशांत पसरली. फ्रान्सने 2021 पासून काही विजेच्या उपकरणांवर ती कितपत दुरुस्त होऊ शकतात याचे गुण छापणे सक्तीचे केले. आपल्या केंद्र सरकारनेही 2022 साली 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली. हक्क मिळेल तेव्हा मिळो. दुरुस्तीची इच्छा मात्र कायद्याने येत नाही.

आमच्या घरी पाहुणे आले, त्या खुर्चीवर बसले, पोहे-चहा झाला. खुर्चीविषयी कोणी चांगले-वाईट काहीच बोलले नाही. आईला वाटलेली भीती किती फोल होती, हे एवढ्यावरून कळावे. सोफ्याचे हप्ते वाचले ते निराळेच.

म्हणून कॉलेजच्या सांस्कृतिक मंडळाला माझी एक सूचना आहे. पुढच्या वर्षी 'टाकाऊतून टिकाऊ'च्या जागी 'दुरुस्ती-दिन' ठेवावा. नियम दोनच. वस्तू घरातल्या वापराची असावी, आणि दुरुस्तीनंतर ती पुन्हा त्याच वापरात जावी. परीक्षक म्हणून गावातला एखादा सुतार, एखादा वेतकाम करणारा, गोधडी शिवणारी एखादी आजी यांना सन्मानाने बोलवावे. त्यांना मानधन द्यावे आणि व्यासपीठावर पहिल्या रांगेत बसवावे. सुरुवात करायला वस्तू शोधण्याचीही गरज नाही. ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत मोडक्या खुर्च्या एकमेकींवर रचून ठेवल्या आहेत. लाकूड सागवानी आहे. मी पाहून आलो आहे. सरस आणि काचकागद मी आणतो, तुम्ही एक रविवार घेऊन या.