एकट्या बाईचं घर घर म्हणून नोंदवा!



दसरा झाला की बीड जिल्ह्यातून टोळ्या ऊसतोडीला निघतात. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. नवरा वारला, टाकून गेला किंवा दारूपायी अंथरुणाला खिळला की बाई अर्धा कोयता ठरते. मग तिनं भावाच्या मागं लागायचं, नाहीतर शाळेतल्या पोराला फडात न्यायचं. देशात साधारण सहा घरांमागं एक घर बाई चालवते. हा चार-दोन दुर्दैवी बायांचा प्रश्न नाही.

फडात खाडा झाला की दंड. पाळी असो, ताप असो, खाडा परवडत नाही. एकटीनंच मोळी बांधायची, डोक्यावर घ्यायची आणि ट्रकला टेकवलेल्या अरुंद फळीवरून वर चढायचं. संडास नाही, आडोसा नाही, म्हणून ती दिवसभर पाणीच कमी पिते. मग लघवीला जळजळ, अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं. ज्या दुखण्याला गोळ्या पुरल्या असत्या, त्यावर खासगी दवाखान्यात सांगितलं जातं, "पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल." बीडमधल्या गर्भपिशवी काढण्याच्या या शस्त्रक्रियांची 2019 मध्ये सरकारी चौकशी झाली. सुमारे 82 हजार ऊसतोड बायांची पाहणी केली, त्यात 13 हजारांहून जास्त बायांची पिशवी काढलेली निघाली. पिशवी गेली की पाळी कायमची जाते, आणि बीजकोशही गेले तर ऐन तिशीत हाडं ठिसूळ होऊ लागतात. ऑपरेशनचा खर्च मुकादमाच्या वहीत चढतो आणि तो फेडायला तीच बाई पुन्हा मोळी उचलते. जोडीतल्या बाईचे हाल होतातच. पण एकटी आजारी पडली तर त्या दिवशी चूल कोण पेटवणार?

वर दवाखान्यात विचारतात, "सोबत पुरुष माणूस कोण आहे?" तातडीचा प्रसंग सोडला तर सज्ञान बाईच्या ऑपरेशनला तिची स्वतःची संमती लागते, तिच्याऐवजी दुसऱ्याची चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं समीरा कोहली खटल्यात 2008 मध्येच सांगितलं आहे. हे प्रत्येक दवाखान्याच्या दारावर मराठीत लिहिलं पाहिजे.

आता सरकारचा हिशेब बघा. संजय गांधी निराधार योजनेला उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 21,000 रुपये. म्हणजे अख्ख्या घराला दिवसाला 57 रुपये! खुरपायला जाणारी जवळजवळ कोणतीही बाई खरं उत्पन्न सांगेल तर अपात्र ठरेल. गरीब बाईला खोटं बोलायला लावणारी ही मर्यादा आहे आणि तिची आम्हाला चीड येते. कोणी म्हणेल, लाडकी बहीण योजना आहे की. आहे, आणि तिची मर्यादा अडीच लाख आहे. पण निराधारचे 1,500 घेणारीला लाडक्या बहिणीचे मिळत नाहीत. जिच्या घरात नवऱ्याची कमाई येते तिला 1,500 आणि एकटीनं घर ओढणारीलाही 1,500च. 2025 मध्ये लाडक्या बहिणीला ई-केवायसी आली, तेव्हा नवऱ्याचं नाहीतर वडिलांचं आधार मागितलं. ज्यांचे दोघंही गेले त्यांनी ओटीपी कोणाचा आणायचा? ओरड झाल्यावरच वाट काढली गेली.

नवऱ्यानं टाकलेल्या बाईची गत आणखी वाईट. विधवेकडं निदान मृत्यूचा दाखला असतो. हिला कोणता दाखला देणार? रेशनकार्डावर नाव सासरी, राहते माहेरी, आणि सासरचे नाव कमी करून देत नाहीत. अन्नसुरक्षा कायदा 2013 पासून सांगतो की घरातली सर्वांत मोठी सज्ञान बाई ही कार्डावर कुटुंबप्रमुख. पण वेगळं कार्डच मिळत नसेल तर त्या कायद्यानं तिच्या पोरांचं पोट भरत नाही. जमिनीचंही तेच. नवऱ्याच्या वाट्यात पोरांबरोबर विधवेचा हक्क 1956 पासून आहे, तरी वारस नोंदीच्या वेळी "पोरांच्या नावावर करू, तुला कशाला" म्हणून दिरानं तिला बाजूला सारलेलं आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. तेव्हा गप्प बसलेले गावातले चार शहाणेही त्यात भागीदार आहेत.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. कुंकू, बांगड्या राहिल्या हे चांगलंच झालं. आता सातबारा आणि रेशनकार्डाचं बोला.

आमचं मागणं साधं आहे. ग्रामपंचायतीनं एकल महिलांची नोंदवही ठेवावी आणि टाकलेल्या बाईला सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या पंचनाम्यावर दाखला द्यावा. तो दाखला रेशनकार्डाला आणि निराधारला चालला पाहिजे. 21,000ची मर्यादा रद्द करून ती लाडक्या बहिणीइतकी करावी. मुकादमानं एकट्या बाईला पूर्ण मजुरीचं काम द्यावं, आजारपणाचा खाडा कापू नये. कारखान्यानं फडावर संडास, पाणी द्यावं आणि आठवड्याला सरकारी नर्स आणावी. पिशवी काढण्याआधी सरकारी रुग्णालयात दुसरी तपासणी मोफत व्हावी, आणि त्या दिवसाची मजुरी बुडू नये.

टोळ्या निघायच्या आधी 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभा आहेत. हा विषय लेखी अर्जानं विषयपत्रिकेवर घ्यायला लावा, ठराव इतिवृत्तात लिहिला जाईपर्यंत उठू नका, आणि त्याची नक्कल शिक्क्यासह मागून घ्या.